फोटोआधीचा प्रश्न

बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातली एक ऊसतोड कामगार बाई माझ्यासमोर बसली होती. तिशी नुकतीच ओलांडलेली. कापडी पिशवीतून तिने प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली एक घडी काढली आणि अगदी जपून माझ्या हातात दिली. ‘‘म्याडम, ह्यात गाठ हाय म्हणले होते.’’ घडी उघडली तर आत सोनोग्राफीचा तळहाताएवढा कागद होता आणि तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखाडी-काळा पडला होता. त्या कागदावरचं चित्र उष्णतेनं उमटतं आणि उष्णतेनंच जातं. दोन हंगाम तो कारखान्याच्या तळावर, कोपीतल्या पत्र्याच्या पेटीत राहिला होता. गाठ, पिशवी, तारीख, नाव, काहीच दिसत नव्हतं. तरी ती बाई दोन वर्षं त्या काळ्या कागदाच्या धाकाखाली जगत होती. पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल, असं तिला सांगितलेलं होतं. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटली नव्हती, म्हणून ऑपरेशन लांबलं होतं, एवढंच.

मी पुन्हा सोनोग्राफी केली. गर्भपिशवीच्या तोंडाशी दोन-तीन बारीक, पाण्याने भरलेले फुगे होते. बाळंतपणं झालेल्या असंख्य बायकांना ते असतात. त्यांना नाबोथियन सिस्ट म्हणतात आणि त्यांचं काहीही करायचं नसतं. तिच्या अंगावरून पांढरं जात होतं आणि ओटीपोटात दुखत होतं. ते दुखणं खरं होतं, त्याला औषध होतं. आधीच्या कागदात मशीनचा दोष काहीच नसावा; मशीनने जे होतं तेच दाखवलं असणार. चूक झाली ती त्या दिसण्याचा अर्थ लावताना. कदाचित त्याच्याही आधी, कारण फोटो कशासाठी काढायचा हा प्रश्न तिच्या बाबतीत कुणी नीट विचारलाच नव्हता.

हे पुस्तक त्या प्रश्नासाठी आहे.

शरीर न उघडता आत बघण्याच्या साऱ्या तंत्रांना आपल्याकडे लोक एकाच शब्दाने ओळखतात: फोटो. ‘छातीचा फोटो काढला’, ‘मेंदूचा फोटो काढायला लातूरला पाठवलं’, ‘मशिनीत घालून फोटो घेतला’. शब्द सोयीचा आहे, पण तो थोडा फसवतोही. कॅमेऱ्याचा फोटो बाहेरून पडलेल्या उजेडाचा असतो. वैद्यकातला फोटो कधी सावली असते, कधी प्रतिध्वनी, कधी शरीरातल्या पाण्याने दिलेला संदेश, तर कधी शरीरात सोडलेल्या किरणोत्सारी औषधाची खूण. चार वेगळ्या भाषा आहेत त्या. एकीत स्पष्ट दिसणारी गोष्ट दुसरीत दिसतच नाही. मुतखडा, क्षय, डोक्याचा मार, पाठीच्या मणक्याचं दुखणं या सगळ्यांना एकच ‘मोठा फोटो’ पुरेल, ही समजूत आमच्या दाराशी रोज येते. ‘साधा एक्स-रे नको, एमआरआयच करा,’ असा आग्रह धरणाऱ्या मुलाचं आईवरचं प्रेम मला दिसतं. त्याला समजावायला मात्र वेळ लागतो.

यातली सगळ्यात जुनी भाषा सावलीची. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या वुर्झबर्गच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म राँटगेन यांना अनोळखी किरण सापडले. त्याच वर्षी २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला: बोटांची हाडं आणि त्यावर अंगठी. गणितातल्या अज्ञातासाठी तिकडे जे अक्षर वापरतात ते त्यांनी किरणांना दिलं. मराठीने त्याच जागी आपल्या बीजगणितातलं ‘क्ष’ ठेवलं. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात ‘हे अजून कळायचं आहे’ असा नम्रपणा आहे. राँटगेन यांनी शोधाचं पेटंट घेतलं नाही. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल त्यांना मिळालं.

एक्स-रे म्हणजे सावली, हे मी पुस्तकातून नाही, डार्करूममध्ये शिकले. लाल दिव्याच्या उजेडात फिल्म हँगरला लावायची, डेव्हलपरमध्ये बुडवायची, धुवायची, मग फिक्सर. डेव्हलपर वीस अंशांच्या आसपास हवा आणि बाहेर मे महिन्यातलं बेचाळीस. मी शिकत होते तिथे टाकीभोवतीच्या पाण्यात बर्फाची लादी टाकत. ती वेळेवर आली नाही तर फिल्म धुरकट निघे आणि त्या धुरकटपणात क्षयाचा डाग कोणता, उन्हाळ्याचा कोणता, हे ओळखायला शिकावं लागे. आमचे टेक्निशियन ओली फिल्म उजेडाला धरून सांगायचे, ‘‘हा बुरखा आहे, आजार नाही.’’ आता सगळं डिजिटल झालं, डार्करूमची कोठारं झाली. पण प्रत्येक डागाला आधी ‘हा खरा आहे का’ असं विचारायची सवय मला त्या खोलीने लावली.

सावलीच्या भाषेचं व्याकरण सोपं आहे. हाडातला चुना किरण अडवतो म्हणून हाड पांढरं, फुप्फुसातली हवा जाऊ देते म्हणून ते काळं. त्या काळ्यात पांढरं काही दिसलं की शंका. क्षयरोगाच्या निदानात छातीच्या फोटोने शंभराहून जास्त वर्षं सेवा केली आहे. तरीही फोटो क्षयाचा संशय दाखवतो, क्षय सिद्ध करतो ते बेडक्याच्या तपासणीतले जंतू. वीस वर्षांपूर्वी भरून आलेल्या क्षयाचा वण फोटोत आयुष्यभर राहतो. असा वण पाहून पुन्हा सहा महिने गोळ्या खाल्लेली माणसं आपल्या गावोगाव आहेत.

दुसरी भाषा प्रतिध्वनीची, म्हणजे सोनोग्राफीची. या पुस्तकात तिला सर्वांत जास्त जागा दिली आहे आणि त्याचं कारण बीड जिल्हा आहे.

आवाज पाठवायचा, आदळून परत येणारा ऐकायचा आणि त्यावरून आत काय आहे ते ठरवायचं. हे तंत्र कारखान्यांत लोखंड तपासायला वापरत. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड १९५५ च्या जुलैमध्ये बॉयलर बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीच्या कारखान्यात गेले. बॉयलरच्या जोडातल्या भेगा शोधणारं यंत्र तिथे होतं. सोबत त्यांनी गाडीच्या डिक्कीत भरून नेले होते ऑपरेशनमध्ये काढलेले गर्भपिशवीचे आणि अंडाशयाचे गोळे, आणि तुलनेसाठी मांसाचा एक तुकडा. यंत्राने घट्ट गोळा आणि पाण्याने भरलेली गाठ यांतला फरक दाखवला. पुढे एका बाईला जठराचा कॅन्सर आहे, आता उपाय नाही, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्राला दिसली अंडाशयाची मोठी, पाण्याने भरलेली गाठ. ती काढली आणि बाई वाचली. १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख आला आणि सोनोग्राफी वैद्यकात रुजली.

म्हणजे हे यंत्र मूळचं बॉयलरच्या कारखान्यातलं, आणि वैद्यकात आलं ते बाईच्या पोटातली कोणती गाठ काढायची आणि कोणती नाही, हे ओळखायला. आमच्याकडे दरवर्षी साखर कारखान्यांत बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं आणि बीडमधून नवरा-बायकोचे कोयते पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. त्या बॉयलरांसाठी ऊस तोडणाऱ्या बायकांच्या पिशव्या याच यंत्राच्या कागदावर बोट ठेवून काढल्या गेल्या. बातम्या पसरल्यावर २०१९ साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींमागे एक. यांतल्या काहींना ऑपरेशनची खरी गरज असेलही. पण फडात पाळीच्या दिवसांत सोय नाही, सुट्टी घेतली तर खाडा पडतो, पांढरं जाणं अंगावर काढलेलं, आणि समोर ‘गाठ’ लिहिलेला कागद. इतकं सगळं एका ठिकाणी आल्यावर निर्णय कुणाचा उरतो? त्या आकड्यातली प्रत्येक बाई मला त्या काळ्या पडलेल्या कागदासकट दिसते.

याच यंत्राने जिल्ह्याला आणखी एक जखम दिली आहे. २००१ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये ८०७ उरल्या. राज्यातला तो सर्वांत खालचा आकडा होता. २०१२ साली परळीत बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला, तेव्हा देशभर जिल्ह्याचं नाव झालं. पुढे खटला चालून शिक्षाही झाल्या. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य होतं, १९८८ साली, आणि मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी मोठी चळवळ उभारली होती. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो २००३ मध्ये आणखी कडक झाला. आज प्रत्येक यंत्राची नोंदणी आहे, प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म भरावा लागतो, खिशात मावणारं यंत्र घेऊन वस्तीवर फिरता येत नाही. माझे काही समव्यवसायी याची तक्रार करतात. दम लागलेल्या म्हाताऱ्याच्या छातीत पाणी आहे का, हे त्या छोट्या यंत्राने वाडीवरच्या ओसरीत कळलं असतं, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ८०७ हा आकडा आमच्याच धंद्याच्या हातून घडला आहे. विश्वास परत मिळेपर्यंत हा जाच आपण सोसला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. या पुस्तकातल्या एका लेखाने याच्या उलट बाजू मांडली आहे. तो लेख मी मुद्दाम ठेवला.

सोनोग्राफीचं दुसरं रूपही सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. वार खाली आहे हे आधी कळल्यामुळे वेळेत शहरात पोचलेली बाळंतीण, मुतखड्याने तुंबलेली किडनी वेळेत मोकळी झालेला शेतकरी, पोटातल्या आतड्याची गुंडाळी दिसल्याने रातोरात ऑपरेशन झालेलं तान्हं मूल, हे रोजचं आहे. किरण नाहीत, सुई नाही, खर्च त्या मानाने कमी. ग्रामीण वैद्यकाला मिळालेलं इतकं मोठं दान दुसरं नाही.

सीटी स्कॅनबद्दल इथे थोडक्यात लिहिते, कारण २०२० नंतर त्याची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. इंग्लंडमधले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १ ऑक्टोबर १९७१ रोजी पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे काप दाखवले. सावली अनेक बाजूंनी घ्यायची आणि गणिताने तिचे काप रचायचे, ही त्यामागची कल्पना. डोक्याला मार लागलेल्याच्या बाबतीत या यंत्राने जेवढे जीव वाचवले तेवढे क्वचितच कशाने वाचवले असतील. पण कोरोनाच्या लाटेत आपल्या बोलीत ‘स्कोअर’ हा शब्द शिरला. पाच खंडांना पाच-पाच गुण, एकूण पंचवीस. ‘स्कोअर किती आला?’ हा प्रश्न तेव्हा तब्येतीच्या चौकशीच्या जागी आला होता. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने छातीच्या सीटीचे दर २,००० ते ३,००० रुपयांत बांधून दिले, एवढी रांग होती. नऊ स्कोअरचा माणूस खचून गेलेला मी पाहिला आणि बोटाला ऑक्सिमीटर न लावता नुसता स्कोअर घेऊन औषधांसाठी धावणारी घरंही पाहिली. पोटाच्या एका सीटीला छातीच्या साध्या फोटोपेक्षा कितीतरी पट जास्त किरण लागतात. गरज असेल तिथे हा हिशोब क्षुल्लक आहे. गरज नसेल तिथे तो आठवायला हवा.

तिसरी भाषा पाण्याची, म्हणजे एमआरआयची. त्यात क्ष-किरण नसतातच. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजारपट आणि त्याहून ताकदीच्या चुंबकात शरीर ठेवायचं, रेडिओलहरींनी त्यातल्या पाण्याचे हायड्रोजन अणू हलवायचे आणि ते पुन्हा जागेवर येताना काय सांगतात ते ऐकायचं. पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना यासाठी २००३ चं नोबेल मिळालं. मेंदू, मज्जारज्जू, सांध्यातल्या गाद्या यांच्याबाबतीत त्याला तोड नाही. चौथी भाषा किरणोत्सारी औषधांची. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर काढलं, तेव्हापासून ती आपल्याकडे बोलली जाते. थायरॉइडला आयोडीन हवं असतं, मग किरणोत्सारी आयोडीन द्यायचं आणि ते कुठे जमतं ते पाहायचं. मात्रा वाढवली की तेच औषध गाठ जाळतंही. अवयव दिसतो कसा यापेक्षा तो काम कसा करतो, हे बघणारं हे घराणं. कॅन्सरच्या पेट स्कॅनची मुळं याच घराण्यात आहेत.

फोटोवाल्यांचं काम निदानाशी संपत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये ८२ वर्षांच्या एका बाईचा पाय काळा पडत चालला होता आणि तिने पाय कापायला साफ नकार दिला होता. चार्ल्स डॉटर यांनी एक्स-रेच्या पडद्यावर बघत धमनीतून बारीक नळ्या घातल्या, आवळलेली रक्तवाहिनी रुंद केली आणि पाय वाचला. फोटो बघत उपचार करायची शाखा तिथून वाढली. आपल्या भागातलं उदाहरण हवं तर यकृतातल्या हायडॅटिडच्या गाठीचं घ्या. मेंढरं, त्यांच्या आतड्या-काळजांवर जगणारी कुत्री आणि त्या कुत्र्यांना कुरवाळणारी मुलं, या साखळीतून ही गाठ येते. म्हणून मेंढपाळ कुटुंबांत ती जास्त. साधी गाठ समजून हिच्यात सुई खुपसली तर आतलं पाणी पोटात सांडून जिवावर बेतू शकतं. सोनोग्राफीत मात्र मोठ्या गाठीच्या पोटात लहान गाठींचा घोस दिसतो, किंवा सुटलेला आतला पापुद्रा पाण्यावर तरंगताना. ते एकदा पाहिलं की विसरत नाही. ओळख पटली, गाठ योग्य अवस्थेत असली, की अल्बेंडाझोल सुरू करून, सगळी तयारी ठेवून, सोनोग्राफीत बघत सुईने पाणी काढतात, जंतू मारणारं द्रावण सोडतात आणि तेही परत ओढून घेतात. सुई तीच. फरक पडतो तो कुणी आधी नीट बघितलं यामुळे.

दुर्मीळ आजारांत तर बघणाऱ्याची नजर म्हणजेच निदान. शाळकरी मुलगा अचानक अडखळत बोलू लागतो, लाळ गळते, अक्षर बिघडतं, स्वभाव पालटतो. घरचे देव-देवस्की करतात, शिक्षक मार देतात. एमआरआयमध्ये मेंदूच्या मध्यभागी एका कापात पांडाच्या तोंडासारखा आकार दिसला तर जाणत्याच्या मनात विल्सनचा आजार येतो. शरीरात तांबं साठणारा हा आनुवंशिक आजार औषधांनी आटोक्यात येतो आणि वेळेत धरला तर मूल पुन्हा लिहू लागू शकतं. तोच फोटो घाईत वाचला तर ‘मेंदूत बदल’ एवढंच लिहून येतं. दुर्मीळ आजारांसाठी २०२१ चं राष्ट्रीय धोरण आहे, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे. पण गेवराईच्या मुलाला तिथवर पोचवणारी पहिली पायरी म्हणजे इथल्याच कुणीतरी रिपोर्टात लिहिलेली एक नेमकी ओळ.

या क्षेत्रात आज दोन विचारपंथ आहेत. एक म्हणतो, आधी रुग्णाला ऐका, हात लावून तपासा, एक शंका धरा आणि तेवढ्यापुरता फोटो काढा. दुसरा म्हणतो, यंत्रं स्वस्त झाली, हात चुकतो, फोटो आधी काढा. मी पहिल्या पंथाची आहे, पण हट्टाने नाही. जिथे तपासणारा हातच नाही तिथे दुसऱ्या पंथाकडे उत्तर असू शकतं. हातात मावणारं एक्स-रे यंत्र गावात नेता येतं आणि त्या फोटोत क्षयाची शंका संगणक दाखवू शकतो; छातीच्या फोटोच्या अशा संगणकवाचनाची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरच्या व्यक्तींसाठी केली. अशी संगणकप्रणाली बनवणारी एक कंपनी मुंबईचीच आहे. मला याची भीती वाटत नाही. भीती वाटते ती संगणकाने फोटोवर आखलेल्या चौकटीलाही उद्या ‘गाठ’ समजून कुणी तशीच सुरी उचलेल, याची.

म्हणूनच हे पुस्तक आत्ता हवं होतं. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी आहे, सीटी जवळ आली आहे, आणि वाचणारी माणसं मात्र अंबाजोगाईसारखं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यात पन्नास वर्षं असूनही शहरांतच जास्त राहतात. यंत्र खरेदी करता येतं. नजर घडायला वर्षं लागतात. या लेखांचे लेखक रेडिऑलॉजिस्ट आहेत, टेक्निशियन आहेत, एक शल्यचिकित्सक आहे, दोन आशाताई आहेत. परीक्षेला बसणाऱ्यांनी या पुस्तकावर विसंबू नये. नव्याने तालुक्याला आलेला डॉक्टर, फोटोसाठी चिठ्ठी लिहिणारी नर्स, रुग्णाबरोबर जीपमधून जाणारा भाऊ, आणि खुद्द रुग्ण यांच्यासाठी ते आहे. आजारांची यादी आम्ही पुरी केलेली नाही. प्रत्येक तंत्राला काय दिसतं, यापेक्षा काय दिसत नाही, हे ठळक लिहिलं आहे. शब्द लोकांचे ठेवले आहेत: पिशवी, खडा, गाठ, डाग, पाणी. त्यांतल्या ‘गाठ’ या एका शब्दावर स्वतंत्र लेख आहे, कारण पाण्याचा फुगा, चरबीचा गोळा, फायब्रॉइड आणि कॅन्सर या चौघांना आपण तोच शब्द वापरतो, आणि ऐकणाऱ्याला चारांतला शेवटचाच ऐकू येतो.

चिठ्ठीवरही बरंच लिहिलं आहे. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बहुतेक वेळा एवढंच असतं: ‘पोटाची सोनोग्राफी’. त्रास काय, किती दिवस, शंका कसली, ती जागा कोरी. मग आम्ही जे दिसेल ते सगळं लिहितो, आणि त्या सगळ्यातून ज्याला जे हवं ते तो उचलतो. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे म्हणतात, पैसे वाया गेले. प्रश्न नीट विचारला असता तर ‘नॉर्मल’ हेही उत्तर ठरलं असतं.

धारूरच्या त्या ताईंना मी पिशवी काढायची गरज नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्या लगेच उठल्या नाहीत. नवा कागद उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘हे बी काळं पडंल का?’’ पडेल, मी म्हणाले, आणि खाली जाऊन त्याची झेरॉक्स काढून घ्यायला सांगितलं. या पुस्तकाच्या शेवटी काही पानं कोरी, रेघा आखून ठेवली आहेत: तारीख, कोणत्या भागाचा फोटो, कशासाठी काढला, काय निघालं, पुढे काय करायचं सांगितलं. तिसरा रकाना सर्वांत रुंद ठेवला आहे. तो फोटो काढायच्या आधी, डॉक्टरांना विचारून भरून घ्यावा.